नुसतं ‘बाहेर’ म्हणून चालत नाही

पनवेलमध्ये मी जर्मन शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारायचा, “कोणाला?” प्रश्न रास्तच होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल घातलं तरी शेजारीपाजारी आठवडाभर चर्चा चालायची, तिथे जर्मनचा वर्ग म्हणजे नसती थेरं. पण टपाल नाक्याजवळ एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत मी तो वर्ग चौदा वर्षं चालवला. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज यायचा आणि वर आम्ही ओठ ‘ऊ’चे नि जीभ ‘ई’ची करून त्यांचा एक स्वर काढायच्या खटपटीत असायचो. पेशंटना वाटायचं की वर कोणाचा तरी दात डॉक्टरांच्या माघारी काढतायत.

आता या अंकाच्या संपादकबाईंनी ‘वर्गातल्या गमतीजमती लिहा’ असं कळवलंय. गमती होत्या. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे वर्षभर आले. नातू जर्मनीत जन्मलेला, त्याच्याशी बोलायचं म्हणून. रोज इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसायचे आणि नामांची लिंगं पाढ्यांसारखी पाठ करायचे. नातू सुट्टीत आला तो फाडफाड इंग्रजी बोलत. आईबापांनी घरात तेच ठेवलं होतं. गृहस्थ दुसऱ्या दिवशी वर्गात आले, वही बाकावर ठेवली आणि म्हणाले, “आता ही कोणाला तरी द्या.” मी ही गोष्ट सांगते तेव्हा लोक हसतात. मीही हसायचे.

खरं तर मला एकच प्रसंग लिहायचा आहे आणि तो गमतीचा नाही.

आधी माझा धंदा काय होता ते सांगते. जर्मन दोन प्रकारचं असतं. एक पुस्तकातलं, ते मी पुण्यात शिकले आणि त्यात पहिली आले. दुसरं बोलण्यातलं, चहा पिताना नि बसची वाट बघताना वापरायचं. त्यात अर्धे शब्द गिळलेले असतात आणि उरलेल्यांना पुस्तकात जागा नसते. हे दुसरं जर्मन मी कोणाच्या तोंडून फारसं ऐकलेलंच नव्हतं. जर्मनीला मी कधी गेले नाही. कॅसेटी ऐकून शिकले आणि तेवढ्या भांडवलावर आसपासच्या गावांत जर्मन जाणणारी एकमेव बाई म्हणून मिरवत होते. मिरवत होते हाच शब्द बरोबर आहे.

तळोज्याच्या एका कारखान्याने मला बोलावलं ते यामुळेच. तिथे जर्मन यंत्रं येणार होती. ती चालवायला आणि दुरुस्त करायला शिकण्यासाठी चार जणांना सहा महिने जर्मनीला पाठवायचं होतं. आधीच्या तुकडीतला एक जण दीड महिन्यात परत आला होता. काम उत्तम करायचा, पण रविवार आला की कोणाशी काय बोलावं ते कळेना. खोलीत बसून बसून रडायला लागला. म्हणून या वेळी तिकडून आलेले यान्सन नावाचे साहेब मला म्हणाले, “यंत्राचं जर्मन मी शिकवीन. तुम्ही त्यांना माणसांत बसायचं जर्मन शिकवा. सुट्टीच्या दिवशी काय करता, कुठे जाता, एवढं मोकळेपणी बोलता आलं तरी पुरे.” सहा उमेदवार होते. चार महिने शिकवायचं आणि शेवटी यान्सन प्रत्येकाशी अर्धा तास गप्पा मारून निवड करणार. जे चार जातील ते परत आल्यावर नोकरीत कायम होणार होते. उरलेल्या दोघांचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं.

सुट्टीच्या दिवशी अधूनमधून बाहेर जाणं या विषयावर अर्धा तास बोलायचं म्हणजे आमच्या लोकांना संकटच. पहिला अडसर शब्दांचा. ‘अधूनमधून’ला बोलण्यातल्या जर्मनमध्ये म्हणतात ‘अप उंट त्सू’. मी फळ्यावर लिहिलं आणि मोठ्याने म्हटलं, तर मागून आवाज आला, “मॅडम, मध्ये उंट कशाला?” त्यावर दहा मिनिटं वर्ग हातात राहिला नाही. मग प्रत्येक जण वाक्यात उंट असा काही जोरात म्हणायचा की खालचे डॉक्टर एकदा वर येऊन बघून गेले.

दुसरा अडसर आपल्या मराठीचा. आपण ‘कधीतरी’ म्हणतो, त्याचे दोन अर्थ. ‘आम्ही कधीतरी फिरायला जातो’ म्हणजे जातो, पण नेहमी नाही. आणि ‘आपण कधीतरी फिरायला जाऊ’ म्हणजे, प्रामाणिकपणे सांगायचं तर, जाणार नाही. जर्मनमध्ये या दोन्हींना वेगवेगळे शब्द आहेत आणि आपली माणसं हटकून दुसरा पहिल्याच्या जागी घालतात. मी ही चूक शंभर वेळा लाल शाईने सुधारली असेल. माझ्या स्वतःच्या घरात मात्र दुसराच अर्थ चालायचा. यजमानांची नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं पथ्य. पनवेलला राहून मी कर्नाळ्याला एकदाच गेले, तेही यजमानांच्या ऑफिसच्या सहलीत, आणि चपलेचा पट्टा तुटला म्हणून पायथ्याला डबे सांभाळत बसले. पण शिकवायला बसले की मी अशी बोलायचे की जणू दर पंधरवड्याला पाठीला पिशवी लावून निघतेय.

त्या सहा जणांत हसुराम होता. उरणच्या बाजूचा, कोळ्याचा मुलगा, आयटीआय झालेला फिटर. वय सव्वीस. पहिली पाळी संपवून तळोज्याहून पनवेलला यायचा, वर्ग करायचा आणि एस.टी.ने उरणला जायचा. घरची मासेमारी होती, पण बंदराच्या भरावात त्यांच्या खाडीचं तोंड बुजत चाललं होतं आणि एका होडीवर दोन भावांची घरं चालणार नव्हती. होडी मोठ्या भावाकडे गेली, हसुराम कारखान्यात गेला. वर्गात कमी बोलायचा. बाकीचे पाच पनवेल-कल्याणकडचे, चटपटीत. त्यांचं बोलणं मला आपल्यातलं वाटायचं आणि हसुरामचं ‘हाय’ नि ‘नाय’ कानाला टोचायचं. हे लिहायला मला आज लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

एके दिवशी मी सगळ्यांना सुट्टीच्या दिवसावर पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली. हसुरामचं पहिलंच वाक्य होतं, ‘इश फारे अप उंट त्सू मिट मायनेम ब्रूडर राऊस.’ म्हणजे, मी अधूनमधून माझ्या भावाबरोबर बाहेर जातो. ‘राऊस’ म्हणजे बाहेर. मी लाल पेन काढलं.

“बाहेर म्हणजे कुठे बाहेर?” मी विचारलं. “वाक्य अर्धवट आहे.”

“समुद्रान, मॅडम. होडी घेऊन.”

“मग तसं लिहायला नको? नुसतं बाहेर म्हणून चालत नाही.”

“आमच्यान नुसतं भायेरच बोलतात. भाऊ भायेर गेलाय बोल्लं का समजायचं. मना वाटलं जर्मनमदे पन तसंच आसंल.”

“जर्मन काय उरणला बोलतात?” मी म्हणाले. वर्ग हसला. हसुरामही हसला, थोडा उशिरा.

तेवढ्यावर मी थांबले नाही. “आणि मासे धरायला जाणं ही सहल नाही. ते काम आहे. सुट्टीबद्दल लिहायचंय.”

“माजं काम फिटरचं हाय ना, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “भावाबरोबर जातो ते हौसेनं. पगारी सुट्टी आसंल तवाच.”

बरोबर होतं त्याचं. सहा जणांत खरोखर अधूनमधून हौसेने बाहेर पडणारा तोच एक होता. पण मला त्यात मासळीचा वास आला आणि जर्मन साहेबापुढे तो नको वाटला. मी वाक्यावर काट मारली, समासात ‘अपूर्ण’ असं लिहिलं आणि सहाही जणांना एक उतारा लिहून दिला. आम्ही अधूनमधून सहकुटुंब कर्नाळ्याला जातो, डबा नेतो, पक्षी बघतो, गड चढतो, संध्याकाळी दमून परत येतो. शुद्ध, निर्दोष, पहिल्या नंबराचं जर्मन. त्यातली एकही गोष्ट माझ्या आयुष्यात अधूनमधून घडत नव्हती आणि हसुरामने तर कर्नाळ्याचा किल्ला एस.टी.च्या खिडकीतूनसुद्धा नीट बघितला नव्हता. त्याने उतारा पाठ केला. सगळ्यांत चोख पाठ त्याचाच होता.

निवडीच्या दिवशी मी खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, मुलांना धीर म्हणून. पहिला आला, कर्नाळ्याला गेला. दुसरा आला, कर्नाळ्याला गेला. तिसऱ्याला यान्सन हसत म्हणाले, “हा डोंगर फारच लोकप्रिय दिसतो.” पोरं मात्र तयार होती. दिनेश नावाच्या चौथ्याला त्यांनी कोणते पक्षी दिसले म्हणून विचारलं. त्याला एकाही पक्ष्याचं जर्मन नाव येईना, तर पठ्ठ्याने सरळ कावळ्याचा आवाज काढला. यान्सन खुर्चीत मागे रेलून हसले. दिनेश पास झाला.

पाचवा हसुराम. त्याने उतारा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला, कुठेही न अडता. यान्सननी विचारलं, “गडावर पोचायला किती वेळ लागतो?”

एक तास म्हटलं असतं, चार तास म्हटलं असतं, तरी त्या माणसाला काय कळणार होतं? पण तो गप्प. मग म्हणाला, “इश वार निष्ट डोर्ट.” मी तिथे गेलेलो नाही. वाक्य अगदी शुद्ध होतं.

“मग आत्ता सांगितलंत ते काय होतं?”

त्याने माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्या बघण्यात तक्रार नव्हती, काय सांगू एवढंच विचारत होता. मी हातातल्या कागदांकडे बघायला लागले. उतारा मी लिहून दिला, असं मला म्हणता आलं असतं, किंवा त्याला म्हणता आलं असतं. तो म्हणाला, “एंटशुल्डिगुंग,” म्हणजे माफ करा, आणि पुढचे तीन प्रश्न त्याला ऐकूच आले नाहीत असं झालं. अर्धा तास होता, यान्सननी दहा मिनिटांत सोडलं.

जेवायला आम्ही कँटीनमध्ये एका टेबलावर बसलो. यान्सन डाळ-भात चमच्याने खात होते. म्हणाले, “त्या पाचव्या मुलाचं मला वाईट वाटतं. खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायची त्याला कोणीतरी भीती घातलीय. कुठला आहे?”

“उरणच्या बाजूचा,” मी म्हणाले.

“म्हणजे समुद्रावरचा?” त्यांनी चमचा खाली ठेवला. “माझे वडील मासेमार होते. आम्ही उत्तरेकडचे, अगदी किनाऱ्यावरचे. मला वाटलं होतं, इतक्या जवळ समुद्र आहे, तर कोणीतरी होडीबद्दल बोलेल. सगळे त्या एका डोंगरावरच गेलेले.” मग जरा हसून म्हणाले, “आमच्याकडे समुद्रावर जातो असं कोणी म्हणत नाही. नुसतं राऊस. वडील राऊस गेलेत म्हटलं की झालं. पुस्तकात नसेल हे.”

मी म्हणाले, “नाही, पुस्तकात नाही.”

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. यादी चार वाजता पर्सोनेलच्या साहेबांकडे टाइप व्हायला जाणार होती. सहावा मुलगा तर अजून बाकीच होता. मला एवढंच सांगायचं होतं की त्या मुलाने हेच वाक्य लिहिलं होतं, शब्दन् शब्द, आणि मी ते खोडलं. त्याची ती वही माझ्या पिशवीत होती. काढून दाखवली असती तर त्या माणसाने हसुरामला पुन्हा आत बोलावलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

मी म्हणाले, “मुलगा हुशार आहे, पण जरा लाजाळू आहे.” यान्सननी मान हलवली आणि ताक मागवलं.

का नाही बोलले? पुढच्या तुकडीचं काम मला हवं होतं, हे एक कारण. त्याला लोक समजून घेतील. दुसरं कारण जास्त खरं आहे. एका जर्मन माणसासमोर, मी बरोबर जर्मनवर लाल शाईने काट मारली, हे कबूल करणं मला जमलं नाही. एका फिटरला आपल्या बोलीवरून जे सुचलं ते मला पुण्यात पहिली येऊन सुचलं नव्हतं. एवढ्यासाठी मी गप्प बसले.

यादीत चार नावं लागली, त्यात तो नव्हता. सोमवारी हसुराम वर्गात आला, मी वापरायला दिलेला शब्दकोश परत करायला. त्याला नवं ब्राऊन पेपरचं कव्हर घालून आणलं होतं. म्हणाला, “चुकलं माजं, मॅडम. तुमी येवरी मेहनत घेतली. मना उत्तर देयाला होवं व्हतं.” मी म्हणाले, “पुढच्या वेळी होईल.” पुढची वेळ नव्हती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मार्चमध्ये त्याचं काँट्रॅक्ट संपलं. पुढच्या दोन तुकड्यांचं काम मला मिळालं. मी ते घेतलं.

त्यानंतर सातेक वर्षांनी, नव्वदचं दशक संपत आलं असताना, पनवेलच्या एस.टी. स्टँडवर मला मागून कोणीतरी “मॅडम” म्हणून हाक मारली. केस पुढून कमी झाले होते, पण हसू तेच, थोडं उशिरा येणारं. हसुराम. हातात मुलीचं शाळेचं दप्तर होतं, मुलगी बाजूला चिक्की खात उभी होती. आता काय करतोस म्हणून विचारलं. वर्गात मी त्याला अहो-जाहो करायचे, त्या दिवशी ‘तू’ कसं तोंडात आलं कोणास ठाऊक. तो म्हणाला, बंदरात आहे, ठेकेदाराकडे, जहाजावर कंटेनर बांधायचं काम. कायम नाही, पण चालू आहे. भावाने होडी विकली. मग एकदम उत्साहाने बोलायला लागला.

“मॅडम, गेल्या साली एका जहाजावं जर्मन मिस्तरी व्हता. डेकवं उभा राहून पान्याकडं बघत व्हता. मी म्हटलं, बघू तरी बोलून. तेच माजं वाक्य बोल्लो, भावाबरोबर राऊस जायचो म्हनून. मॅडम, त्यानं एका झटक्यान वलखलं. बोल्ला, फिशर? मी जर्मनमदेच बोल्लो, या, या. मना खाली नेऊन कॉफी पाजली. अर्दा तास बोल्लो आमी. मोडकंतोडकं, पन बोल्लो.”

स्टँडवर उरणची गाडी लागत होती, लोक पळत होते.

“मना लय दिवस वाटायचं,” तो म्हणाला, “मॅडमनी माजं वाक्य का खोडलं आसंल. तवा वाटायचं, आपन कोली म्हनून खोडलं. राग पन यायचा, खोटं कशाला बोलू. त्या मिस्तरीनं सांगतल्यावं मना समजलं. हे पुस्तकान नसतं ना. तुमाला तरी कसं म्हायत आसंल?” आणि तो असा हसला, जणू माझ्यावरचं काही देणं त्याने माफ करून टाकलं होतं. “तुमाला म्हायतच नव्हतं, मॅडम. व्हय ना?”

पुस्तकात नाही हे खरं होतं. मला माहीत नव्हतं हेही खरं होतं, त्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांपर्यंत. त्यानंतर यादी टाइपला जाईपर्यंत जवळजवळ तीन तास मला माहीत होतं आणि वही पिशवीत होती. समोर उभ्या असलेल्या माणसाला तेवढं सांगायचं बाकी होतं. त्याची मुलगी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, “हो रे. मला माहीतच नव्हतं.”

“मी बायकोला पन तेच बोल्लो,” हसुराम म्हणाला. त्याने मुलीला माझ्या पाया पडायला लावलं आणि तिला उचलून उरणच्या गाडीकडे पळाला.